दिव्यांगांचं निवासगृह बघायला कधी जायचं?

वेळ ठरवून गेलं की ऑफिस, चहा आणि चकचकीत हॉल एवढंच दिसतं. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास जा.

१. स्वतः जेवता न येणाऱ्याला कोण भरवतंय, किती घाईनं, ते बघा. निम्मं उत्तर इथेच मिळतं.
२. औषधांचा तक्ता मागा. झोपतानाच्या गोळ्यांपुढे आत्ताच सही झालेली असेल, तर काय ते समजा.
३. पलंगावरून पाण्यापर्यंत हात पोचतो का? कोल्हापूरच्या पावसात काहीच वाळत नाही, त्यामुळे गादीची ओल हातानं तपासा.

खासगी संस्थेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी लागते. प्रमाणपत्राची मुदत वाचा.

मात्र खोलीत शिरण्याआधी तिथे राहणाऱ्याला विचारा, आणि फोटो काढू नका.