डिग्री हातात आली, आता आधी साइटवर जा

इंटिरियर डिझाइनचा कोर्स संपला की बहुतेक जण सुंदर रेंडर्सचा (कॉम्प्युटरवर केलेल्या खोलीच्या चित्रांचा) पोर्टफोलिओ घेऊन ऑफिसं शोधत फिरतात. माझं सांगणं वेगळं आहे. पहिली नोकरी अशी धरा, जिथे रोज साइटवर जायला मिळेल. पगार थोडा कमी असला तरी चालेल. फुकट मात्र राबू नका.

माझ्या पहिल्याच कामात मी वॉर्डरोबचं दार ८ फूट २ इंच काढलं होतं. मिस्त्रींनी काही न बोलता प्लायच्या शीटवर टेप धरला. शीट ८ बाय ४ ची. वरचे दोन इंच कुठून आणणार? त्या दिवसापासून मी आधी शीटवर कटिंग मांडते, मग ड्रॉइंग करते. १८ मिमी प्लाय, बाहेरून १ मिमी लॅमिनेट, आतून ०.८, ही जाडी धरली नाही तर ड्रॉवर अडकलाच म्हणून समजा.

पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक सकाळ घालवा. प्लायवर छापलेल्या आयएस ३०३ (साधा प्लाय) आणि आयएस ७१० (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) या भारतीय मानकांतला फरक दुकानदारालाच विचारा. सिंकखाली ७१० च लावा.

किचनचं माप घेताना स्वयंपाक करणाऱ्या बाईंना किंवा काकांना भिंतीपाशी उभं करून कोपराची उंची मोजा. ओटा त्याहून चारेक इंच खाली. पोर्टफोलिओत रेंडरशेजारी ही मापांची वही, कटिंगचा कागद आणि काम चालू असतानाचे फोटो लावा. मी मुलाखत घेते तेव्हा आधी तेच बघते.