बुजलेला रेसट्रॅक नकाशावर कसा हुडकायचा

मिरज तालुक्यात तीस वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्त झालो तरी हद्द हुडकायची खोड जात नाही. आता गूगल अर्थवर जगभरातले बंद पडलेले मोटारींचे ट्रॅक हुडकतो.

सुरुवात ब्रुकलँड्सपासून करा. इंग्लंडात, वेब्रिजला लागून. 1907 ला सुरू झाला, 1939 ला महायुद्धामुळं शर्यती थांबल्या आणि जागेत विमानांचा कारखाना वाढला. आज आत दुकानं, ऑफिसं आणि मर्सिडीजचं मोठं केंद्र आहे. तिकडं आधी बघूच नका. मोजणीला गेलं की पहिल्यांदा न हलणारी खूण धरायची: विहीर, देऊळ, हद्दीचा दगड. इथं ती खूण म्हणजे रेल्वे, कारण ट्रॅकची एक बाजू रुळांना लागून होती. रूळ धरून सरकत जा. चौकोनी छपरांच्या मधूनच झाडांची कमान वळलेली दिसेल. त्या झाडीत काँक्रीटचा तिरका चढ आहे, काही ठिकाणी 9 मीटरपर्यंत उंच. आपल्याकडं पाणंद नांगरून टाकली तरी शेजारच्या गटाचा बांध वाकडाच राहतो, तसंच हे.

मग पट्टीनं मोजा. पूर्ण फेरी साधारण 4.4 किलोमीटर भरली पाहिजे. पहिल्या दिवशी मी रेल्वेच्या फाट्याचं वळणच मोजत बसलो होतो. भाचा म्हणाला, “मामा, ह्यावरनं मोटार कशी पळंल?”

जिथं जमिनीवर काहीच उरलं नाही, तिथं कॉम्प्युटरवर जुनी चित्रं लावा. सिडनीजवळचं ओरान पार्क जानेवारी 2010 मध्ये बंद झालं, आता तिथं वसाहत आहे. 2009 च्या आसपास मागं जा: ट्रॅक पुलावरून स्वतःलाच ओलांडून जाताना दिसेल. आजच्या चित्रात रस्त्यांची नावं वाचा. पीटर ब्रॉक ड्राइव्ह सापडेल. ब्रॉक तिथला नामांकित रेसर. जकात गेली तरी नाका राहतो, तसं.

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडवर मात्र डोळे शिणवू नका. 1989 ला बंद झालं, त्यावर मॉल आणि घरं उभी राहिली.

हे जमलं की आपलं गाव बघा. आमचं बैलगाडी शर्यतीचं मैदान 2014 च्या बंदीनंतर ओस पडलं आणि मालकानं एन.ए. करून प्लॉट पाडले. डिसेंबर 2021 ला कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली, तोवर घरं उठली होती. जुनं चित्र लावून बघितलं. प्लॉटांमधला रस्ता बरोबर आमच्या तासांवरनंच, म्हणजे गाड्या पळायच्या त्या पट्ट्यांवरनंच, गेलाय.