वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

याला ऐकून कळतं, तिला चित्र दाखवलं की कळतं, आणि तो हातात घेतल्याशिवाय शिकतच नाही. मुलांची अशी वाटणी शिक्षक आणि पालक सहज करून टाकतात, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. मूल कोणत्या प्रकारचं आहे हे ठरवून शिकवण्यात फारसं काही हाती लागत नाही. ते नेमक्या कोणत्या पायरीवर अडतंय हे शोधलं, तर उद्या काय करायचं ते लगेच ठरवता येतं.

मुलावर शिक्का मारणं

बघणं, ऐकणं, वाचन-लेखन आणि प्रत्यक्ष कृती अशी चार गटांची मांडणी शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये लोकप्रिय केली. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे त्यांना मान्य होतं. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं म्हणून मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

शिक्क्याचा तोटा सावकाश दिसतो. ‘बघून शिकणारा’ ठरलेल्या मुलाला धड्याऐवजी व्हिडिओ मिळत राहतात, वाचनाचा सराव कमी होतो, आणि दोन वर्षांनी ते वाचनात खरोखरच मागे पडलेलं असतं. पद्धत विषयावरून ठरवा. कोन मोजायला कोनमापक हातात हवा, उच्चार कानाने शिकायचा असतो, नदीचं खोरं नकाशाशिवाय समजत नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाला हे लागू आहे.

कुठे अडलं ते न शोधता पुन्हा तेच शिकवणं

मुलाला शाब्दिक उदाहरण सुटलं नाही की बहुतेक वेळा तेच उदाहरण आणखी मोठ्या आवाजात समजावलं जातं. त्यापेक्षा पाच मिनिटांत तीन गोष्टी तपासून पाहा.

1. उदाहरण तुम्ही वाचून दाखवा. आता सुटलं, तर अडचण वाचनात आहे, गणितात नाही.
2. नाही सुटलं, तर आकडे बाजूला ठेवून ‘यात काय घडलं?’ असं विचारा. मुलाला ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही, तर भाषा किंवा प्रसंग समजलेला नाही.
3. ते सांगता आलं, तर नुसती क्रिया द्या: 34 वजा 18.

तिसऱ्या पायरीवर उत्तर चुकलं, तर ते कसं चुकलं हे नीट पाहा. 24 आलं असेल, तर मुलाने एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा केलं आहे: 8 मधून 4, मग 3 मधून 1. हा निष्काळजीपणा नाही, मुलाने स्वतः बसवलेला एक नियम आहे, आणि ‘नीट लक्ष दे’ म्हटल्याने तो जात नाही. दहा-दहा काड्यांच्या 3 जुड्या आणि 4 सुट्या काड्या समोर ठेवा. 8 काड्या काढायला सांगितल्या की सुट्या कमी पडतात हे मुलाला स्वतःलाच दिसतं. मग एक जुडी सोडायची. 2 जुड्या आणि 14 सुट्या झाल्या. त्यातून 1 जुडी आणि 8 सुट्या काढल्या की 16 उरतात.

साहित्य वापरूनही इथे एक चूक फार वेळा होते. काड्यांचा तास वेगळा आणि वहीतलं गणित वेगळं राहतं, त्यामुळे मुलाच्या डोक्यात दोन्ही जोडली जात नाहीत. जुडी सोडली त्याच क्षणी वहीत 3 खोडून 2 लिहायचे, आणि 4 च्या जागी 14. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी 1966 मध्ये वस्तू, चित्र आणि चिन्ह असा क्रम मांडला. चित्राची पायरी गाळू नका. काड्या काढून घेतल्यावर काही दिवस मुलाला जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्यांसाठी टिंबं काढू द्या. अडखळलं, तर एक पायरी मागे या.

आकडे उलटे लिहिले की घाबरणं

‘पंचवीस’ ऐकून 52 लिहिणारं मूल बऱ्याचदा ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असतं, कारण शब्दात पाच आधी येतात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून 39 लिहिलं जातं. 20 चं रुंद कार्ड घ्या, त्याच्या शून्यावर 5 चं अरुंद कार्ड ठेवा आणि ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं म्हणवून घ्या. दशकाचा अंक आधी ठेवायची सवय लागली की ही चूक बरीच कमी होते.

वाचनाच्या अडचणीला डोळ्यांची अडचण समजणं

आधी नजर आणि ऐकणं दोन्ही तपासून घ्याच. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचलं तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, आणि असं मूल ‘मुद्दाम दुर्लक्ष करतं’ असा समज होतो. पण डिस्लेक्सियाचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाण्याचं, मूळ बहुतेक मुलांमध्ये आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असतं. रंगीत काच किंवा रंगीत कागद ठेवून ते सुटत नाही.

आपल्या लिपीत काही जागा मुळातच अवघड आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र ‘क’पासून सुरू होतो. ‘पर्वत’मध्ये ‘र’ ऐकू येतो ‘व’च्या आधी, पण रफार बसतो ‘व’च्या डोक्यावर, म्हणून मुलं ‘पवर्त’ लिहितात. असा शब्द दहा वेळा लिहायला लावणं हा सगळ्यात निरुपयोगी उपाय आहे. तिसऱ्या ओळीपासून मूल वरचं बघून उतरवतं, आवाजाकडे त्याचं लक्षच नसतं.

त्याऐवजी एका वेळी एकच खूण घ्या. रफाराचे सहा शब्द पुरेत: सर्प, गर्व, मार्ग, वर्ग, सूर्य, पर्वत. आधी शब्द सावकाश म्हणून त्यातले आवाज सुटे करायचे, मग अक्षरपट्ट्यांनी तो जुळवायचा, मग झाकून लिहायचा, आणि शेवटी लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. पंधरा मिनिटांत थांबा. दुसऱ्या दिवशी त्यातले तीन शब्द आणि रफार नसलेले तीन शब्द मिसळून द्या, नाहीतर मूल प्रत्येक शब्दावर रफार देत सुटतं.

एकाच वेळी सगळं देणं

वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलाला जास्त साधनं लागतात या समजुतीतून रंगीत तक्ता, व्हिडिओ, गाणं आणि कृतिपत्रिका एकाच तासात येतात. मोठ्या माणसालाही एका वेळी सुमारे चारच नव्या गोष्टी मनात धरता येतात, मुलांना त्याहून कमी. पडद्यावरचा परिच्छेद शब्दशः वाचून दाखवला, तर नीट वाचू शकणाऱ्या मुलाचं डोळ्यांनी वाचणं आणि कानांनी ऐकणं यांची ओढाताण होते. चित्र दाखवा आणि त्याबद्दल बोला. मजकूर वाचायला द्यायचा असेल तेव्हा गप्प राहा. वाचनात अडणाऱ्या मुलाला मात्र मजकूर वाचून दाखवावाच लागतो.

सूचनांचंही तसंच आहे. ‘पुस्तक काढ, पान 42 उघड, तिसरा प्रश्न वाच आणि उत्तर वहीत लिही’ या चार सूचना आहेत. दोन द्या, त्या पूर्ण होऊ द्या, मग पुढच्या दोन. फळ्यावर क्रमाने लिहून ठेवल्या तर लक्ष विचलित होणाऱ्या मुलाला परत विचारावं लागत नाही. स्वमग्न मुलांना ‘जरा व्यवस्थित लिही’ यातून काहीच ठोस मिळत नाही. ‘प्रत्येक शब्दानंतर एक बोट जागा सोड’ हे समजतं.

उत्तराची वाट न पाहणं

शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. हा वेळ तीन सेकंदांच्या पुढे गेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. हळू विचार करणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा असतो. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, आणि मधे प्रश्नाचे शब्द बदलू नका. बदललात तर मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मदत करायची म्हणून काम सोपं करून टाकणं

पाठाचा हेतू विज्ञान समजणं असेल, तर हाताने लिहायला त्रास होणाऱ्या मुलाचं उत्तर तोंडी घ्या, पण प्रश्न तोच ठेवा. हेतू लेखनाचाच असेल, तर तोंडी उत्तर चालणार नाही. तिथे ओळी कमी करा, जास्त वेळ द्या. कायम सोपाच प्रश्न मिळणारं मूल दरवर्षी थोडं आणखी मागे राहतं, आणि त्याला ते कळत असतं.

आज आलं म्हणजे झालं, असं धरणं

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र स्वतःला आठवायला लावणारे पुढे होते. म्हणून धडा संपताच विचारलेल्या प्रश्नांवर भरवसा ठेवू नका. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात पुस्तक मिटून विचारा. सलग पाऊण तासापेक्षा तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं चांगली.

उपाय बदलताना एका वेळी एकच बदला आणि त्याला निदान दोन आठवडे द्या. वहीत तारीख, काय केलं आणि दहापैकी किती बरोबर एवढं लिहा; चुकलेली उत्तरं मुलाने लिहिली तशीच उतरवून ठेवा. दीड-दोन महिने नेमाने सराव करूनही आकडा हलत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या आणि जाताना ही वही सोबत न्या. ‘अभ्यासात कच्चा आहे’ यापेक्षा ‘तोंडी दहापैकी नऊ, लेखी तीन’ या नोंदीवरून त्यांना कुठून तपासायला सुरुवात करायची ते लगेच कळतं.