मोझेलकाठचा आठवडा: गाडी, द्राक्षमळे आणि रीसलिंग यांचा मेळ कसा घालावा

जर्मनीत ट्रिअर ते कोब्लेन्झ हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही. मोझेल नदी मात्र तेच अंतर कापायला १९० किलोमीटरहून जास्त वळसे घेते. नियोजनातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. हायवेने दीडेक तास लागतो असं पाहून लोक याच आठवड्यात ऱ्हाईन नदीकाठ आणि फ्रान्सचा अल्सासही कोंबतात, आणि मग रोज सामान बांधण्यात सकाळ जाते. सात रात्री एकट्या मोझेलला द्या. काठाकाठाने, थांबत गेलात तर दिवसाला ४० ते ६० किलोमीटर पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सहल गाडीची आणि प्रदेश वाइनचा, तेव्हा वेळापत्रक या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवूनच आखावं लागतं. सकाळी गाडी, संध्याकाळी वाइन, आणि तीही मुक्कामापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. हे जमवायचं तर हॉटेल ठरवायच्या आधी त्या गावातले वाइनवाले बघा.

किती प्यायलं म्हणजे किती

जर्मनीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. गाडी वाकडीतिकडी चालली किंवा अपघात झाला तर ०.३ वरही कारवाई होते. २१ वर्षांखालच्या आणि लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांतल्या चालकांना थेंबही चालत नाही. ०.५ ओलांडल्यावर पहिल्याच वेळी ५०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. सहा वाइन्सची चव प्रत्येकी ५० मिली घेतली तरी ३०० मिली होते, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. म्हणून चालकाने थुंकायचं भांडं मागावं. त्याला ‘श्पुकनाप्फ’ म्हणतात, आणि ते मागितल्याचं कुणालाही वाईट वाटत नाही.

फसवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. शरीर तासाला साधारण ०.१ ते ०.१५ इतकंच अल्कोहोल उतरवतं. कॉफी, अंघोळ, भरपेट नाश्ता, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत एकट्याने बाटली संपवली असेल तर सकाळी आठला किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या.

कधी जावं

मे-जून किंवा सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. हिवाळ्यात अर्धीअधिक हॉटेलं आणि खानावळी बंद असतात, आणि पूर आला की काठचे रस्ते व नदीलगतचे पार्किंग पाण्याखाली जातात. शरदात मळे पिवळेधमक होतात, पण तेव्हाच तोडणी चालू असते. वाइनवाल्याकडे तुमच्यासाठी तासभर असेलच असं नाही, म्हणून भेटीची वेळ आधी ई-मेलने ठरवून घ्या. याच दिवसांत ‘फेडरवाइसर’ मिळते, म्हणजे अजून आंबत असलेली, गढूळ, गोडसर वाइन. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम घट्ट लावलेलं नसतं, कारण आत वायू तयार होत असतो. ती डिकीत आडवी ठेवली की सगळं सामान चिकट होतं. उभीच न्या, आणि त्याच रात्री संपवा.

गाडी आणि रस्ता

गाडी छोटीच घ्या. जुन्या गावांतल्या गल्ल्या दोन हात पसरले की संपतात. गिअरची सवय डाव्या हाताची असेल तर ऑटोमॅटिक आधीच बुक करा, तिथे मॅन्युअल गाड्या सर्रास मिळतात. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढायचा, आणि मूळ लायसन्स घरी विसरायचं नाही. गाडीच्या अनामत रकमेसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं.

काठाचा रस्ता ट्रिअरकडून आल्फपर्यंत ‘बी ५३’, पुढे ‘बी ४९’. नॅव्हिगेशनला नुसतं शेवटचं गाव दिलं तर ते तुम्हाला नदी सोडून वरच्या पठारावर नेईल. ‘हायवे टाळा’ चालू करा आणि दर दोन-तीन गावांमागे एक थांबा टाका. नदी कुठे ओलांडायची तेही आदल्या रात्री पाहून ठेवा. पूल मोजकेच आहेत, आणि बाइलश्टाइनसारख्या ठिकाणची गाडी नेणारी छोटी फेरी संध्याकाळी बंद होते.

आपल्याकडच्या चालकाला गोंधळात पाडणारं म्हणजे ‘उजव्याला आधी’. गावात चौकाला कुठलीच पाटी नसेल, तर उजवीकडच्या बोळातून येणाऱ्या गाडीला पहिला हक्क. मुख्य रस्ता आपला वाटतो, पण पिवळ्या चौकोनी हिऱ्याची पाटी दिसली तरच तो हक्काचा. गावाच्या नावाची पिवळी पाटी ओलांडली की वेग ५०, वेगळी सूचना लावत नाहीत. गावाबाहेर १००. सायकलस्वाराला ओलांडताना गावात दीड मीटर आणि बाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं.

मळ्यांतून वर जाणारे काँक्रीटचे रस्ते मोहात पाडतात. सुरुवातीला लाल कडेचा पांढरा गोल आणि खाली शेतीच्या वाहनांना मुभा असल्याची पाटी असेल, तर आत जायचं नाही. वळायला जागा नसते, आणि समोरून ट्रॅक्टर आला की उतारावर मागे घेत यावं लागतं.

निळ्या पार्किंगच्या पाटीवर घड्याळाच्या चकतीचं चित्र असेल तर काचेमागे निळी पार्किंग डिस्क लावायची. काटा पोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर: १०:१० ला आलात तर १०:३०. डिस्क बहुधा गाडीतच असते. किल्ली घेतानाच शोधून ठेवा.

मुक्काम: दोन, तीन, दोन

फ्रँकफर्टला उतरलात तर वरच्या टोकाला, म्हणजे झारबुर्ग किंवा ट्रिअरला सुरुवात करा आणि प्रवाहाबरोबर खाली या. शेवटी कोब्लेन्झहून विमानतळ साधारण ११० किलोमीटरवरच राहतो. चवीलाही हा क्रम सोयीचा. वरच्या मोझेलची जमीन चुनखडीची आहे, तिथे एल्बलिंग ही हलकी, आंबटसर वाइन होते. ट्रिअरच्या खाली स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, सुरू होते आणि रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचं, त्याच नावाच्या वाइनचं राज्य लागतं.

पहिल्या दोन रात्री झारबुर्ग किंवा ट्रिअरला. ट्रिअरचा रोमन दरवाजा पोर्टा निग्रा आणि कॉन्स्टंटाइनची बॅसिलिका पायीच बघा. एक दिवस पलीकडच्या लक्झेंबर्गच्या काठाला द्या: १९८५ च्या करारामुळे नाव झालेलं शेंगेन, रेमिख, वाटेत अलीकडच्या काठावर नेनिगची रोमन मोझेइक फरशी. परतताना पेट्रोलची टाकी लक्झेंबर्गमध्येच भरा, जर्मनीपेक्षा स्वस्त पडतं.

मधल्या तीन रात्री बर्नकास्टल-कूस किंवा ट्राबेन-ट्रारबाखला. तिकडे जाताना नॉयमागेन-ड्रोनला वाइनच्या पिंपांनी लादलेल्या जहाजाच्या रोमन शिल्पाची प्रतिकृती आणि पीस्पोर्टला रोमन काळातलं द्राक्षं तुडवायचं कुंड बघायला थांबा. या टप्प्यावर मुख्य रेल्वेमार्ग नदी सोडून व्हिटलिखकडून जातो, बर्नकास्टलला रेल्वे नाही. म्हणून गाडीचा खरा उपयोग इथे, आणि म्हणूनच इथे एक अख्खा दिवस गाडी उभी ठेवायची. बर्नकास्टलहून मळ्यांतल्या वाटेने ग्राख आणि पुढे त्सेल्टिंगेनपर्यंत चाला. वाटेत वेलेनचं १८४२ चं घड्याळ लागतं, कातळात कोरलेलं, सूर्याच्या सावलीने वेळ दाखवणारं. थांबून पायाखालचा स्लेटचा तुकडा उचला. दुपारी तो हाताला गरम लागतो. दिवसभर मुरलेली हीच ऊब दगड रात्री वेलीला देतो, आणि इतक्या उत्तरेला रीसलिंग पिकते त्याचं हे मोठं कारण. प्रत्येक वेल एकेका खांबाला बांधलेली दिसेल. उतार इतका तीव्र की कामं हातानेच करावी लागतात. हंगामात परत बोटीने येता येतं.

शेवटच्या दोन रात्री कोखेममध्ये घालवू नका. किल्ला देखणा आहे, पण दिवसभर बसभरून माणसं येतात. त्यापेक्षा एडिगर-एलरला राहा. तिथून कोखेमला जाणारा रस्ता नदीच्या वळणाने तब्बल वीसेक किलोमीटर फिरतो, तर रेल्वे १८७९ च्या, चार किलोमीटरहून लांब कैझर विल्हेल्म बोगद्यातून काही मिनिटांत पोचवते. गाडी ठेवा, ट्रेनने जा, कोखेममध्ये निवांत प्या. शेजारीच ब्रेमचा काल्मोंट, युरोपातला सर्वांत तीव्र उताराचा द्राक्षमळा, सुमारे ६५ अंशांपर्यंत. त्याच्या माथ्यावरून नदीचं पूर्ण वळण दिसतं. साखळ्या-शिड्यांच्या वाटेने जायचं तर पकड असलेले बूट हवेत, आणि पाऊस पडला असेल तर जाऊच नका.

कोखेमहून कोब्लेन्झकडे जाताना लागणारा एल्ट्झचा किल्ला एप्रिल ते १ नोव्हेंबर उघडा असतो. उघडायच्या वेळेलाच पोचा. पार्किंगपासून पंधरा मिनिटं चालायचं, आत फक्त गाईडबरोबर, आणि फोटो काढता येत नाहीत.

बाटली वाचायची कशी

लेबलवर आधी अल्कोहोलचा आकडा बघा. साडेसात ते नऊ टक्के म्हणजे आंबवणं मधेच थांबवलेलं, साखर शिल्लक, वाइन गोडसर. बारा टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा कोरडी. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी. ‘फाइनहेर्ब’ म्हणजे किंचित गोड, पण या शब्दाला कायद्याची ठरलेली मर्यादा नाही, चाखूनच घ्या. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझं’, ‘आउसलेझं’ ही चढती भाजणी द्राक्षं किती पिकली होती त्याची आहे, गोडीची नाही. ‘श्पेटलेझं ट्रोकन’ कोरडीच असते. गोड नको म्हणून काबिनेट टाळणाऱ्यांनी एकदा तरी ती जेवणाआधी, थंड, घ्यावी. आंबटपणा इतका धारदार असतो की साखर जाणवत नाही.

दारावर झाडू किंवा हिरवी फांदी टांगलेली दिसली तर ती ‘श्ट्राउसव्हिर्टशाफ्ट’. वाइनवाल्याच्या घरची ही तात्पुरती खानावळ वर्षातून जास्तीत जास्त चार महिने चालते, ४० जणांपुरती, स्वतःची वाइन आणि साधं जेवण. रोख पैसे ठेवा. शाकाहारी असाल तर फ्लामकूखन (पिझ्झासारखी पातळ, भाजलेली पोळी) ‘ओने श्पेक’, म्हणजे बेकनशिवाय, सांगा. गावांतली स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊलाच थंड होतात, सोमवार-मंगळवारी अनेक ठिकाणी सुट्टी असते, आणि रविवारी दुकानं बंद. शनिवारी दुपारीच पाणी, ब्रेड, फळं घेऊन ठेवा.

बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, एका दुपारीत वाइन उकळल्यासारखी बेचव होते. खरेदी शेवटच्या दोन दिवसांत करा. भारतात येताना प्रौढ माणशी २ लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून.