गणिताचा तास घेताना नव्या शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या छात्राध्यापकांचे, म्हणजे शिकाऊ शिक्षकांचे, सराव पाठ बघायला मी कोल्हापूरच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत जाते. पाठ टाचण नेटकं असतं, तक्ते रंगवलेले असतात, उद्दिष्टं तोंडपाठ असतात. तरी गणिताचा पाठ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. पोर चुकलं की पुढं काय करायचं ते सुचत नाही, कारण सगळी तयारी बरोबर उत्तराची असते.

चूक उत्तर खोडून पुढं जाणं

करवीर तालुक्यातली तिसरी. फळ्यावर ५२ वजा १७. एका मुलीनं ४५ लिहिलं. छात्राध्यापिका म्हणाली, "चूक, बस खाली," आणि दुसऱ्याला उठवलं. तास संपल्यावर मी त्या मुलीजवळ बसले. "बाळ, हे कसं केलंस गं?"

"दोनातनं सात जात न्हाईत बाई. मग सातातनं दोन काढलं."

तिच्या डोक्यात नियम पक्का होता, आणि तो आपणच पहिलीत दिलेला: मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. तिनं तो प्रत्येक घराला लावला. अशा मुलीला शंभर वजाबाक्या लिहायला दिल्या तर ती शंभर वेळा हेच करील.

तिच्यापुढं दहा-दहा काड्यांचे, रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा, आणि १७ काड्या मागा. एक गठ्ठा ती लगेच देईल, पण सात सुट्या देताना हात थांबेल. थांबू द्या. एका गठ्ठ्याचं रबर तिनंच सोडलं पाहिजे. मग दिलेला गठ्ठा धरून चार गठ्ठे आणि बारा सुट्या, त्यातून १७ दिल्या की ३५ उरतात.

यातही एक चूक मी सारखी बघते. काड्या दाखवून होतात, पिशवीत जातात, आणि मग फळ्यावर हातच्याची रीत सुरू होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मुलांना कळतच नाही. रबर सुटलं त्याच क्षणी ५ खोडून ४ लिहा, २ च्या जागी १२ लिहा.

पस्तीस ऐकून ५३ लिहिणाऱ्याला रागावणं

मराठीत आधी एकक ऐकू येतं, मग दशक. पस्तीस म्हणताना पाच पुढं, तीस मागं. जसं ऐकलं तसं पोरानं लिहिलं. एकोणसाठ तर आणखी अवघड, त्यात साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात पन्नास नि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर दोन्ही जोडून म्हणा: "तीस आणि पाच, पस्तीस."

दशांशाची सोपी उदाहरणंच देणं

आपल्याकडं घरोघरी म्हशी. डेअरीच्या पावतीवर फॅट ६.५ पेक्षा ६.८ चांगली, हे पोरांना ठाऊक असतं. म्हणून नवे शिक्षक तेच उदाहरण घेतात आणि सगळ्यांचं बरोबर येतं. पण 'टिंबानंतरची संख्या मोठी ती मोठी' या चुकीच्या नियमानंही इथं उत्तर बरोबरच येतं! ६.२५ आणि ६.५ विचारा, मग खरं काय ते कळेल. रुपयांत समजावायला जाल तर काही पोरं ६.५ ला सहा रुपये पाच पैसे म्हणतात. मीटरपट्टी बरी: ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर, ०.२५ म्हणजे २५. आणि 'सहा पॉइंट पंचवीस' असं वाचू नका. 'सहा पूर्णांक पंचवीस शतांश' म्हणा.

'उलटा करून गुणा' एवढंच सांगणं

अपूर्णांकानं भागायचं म्हणजे तो उलटा करून गुणायचं, एवढंच आपण सांगतो. ही चूक मुलांच्या आधी आपली आहे. मी छात्राध्यापकांना सांगते, १ ३/४ ÷ १/२ यावर शाब्दिक उदाहरण तयार करा. हमखास उत्तर येतं: पावणेदोन किलो गूळ दोघांत निम्मा निम्मा वाटला. पण हा तर २ ने भागाकार झाला, उत्तर ७/८ किलो. अर्ध्यानं भागायचं तर विचारायला हवं, पावणेदोन किलो गुळाच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या किती? तीन पूर्ण आणि एक अर्धी, म्हणजे साडेतीन. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द पोरांच्या घरात रोज आहेत. अपूर्णांक त्यांच्यावरूनच सुरू करा, आधी छेद आणि अंश यांच्या व्याख्या नकोत.

"समजलं का?"

"होऽऽ बाई" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ६१ वजा २८ द्या आणि सगळ्यांना पाट्या वर धरायला सांगा. ज्या पाटीवर ४७ दिसेल, त्या पोराजवळ काड्यांचे गठ्ठे घेऊन बसा.