इंग्लंडमध्ये अप्रेंटिसना गणित-इंग्रजी शिकवायचं असेल तर

इंग्लंडमध्ये शिक्षकी करायची म्हटलं की आपली मराठी माणसं शाळांकडेच बघतात. कॉलेजांतले फंक्शनल स्किल्सचे, म्हणजे रोजच्या कामाला लागणाऱ्या गणित-इंग्रजीचे, वर्ग फार जणांना माहीत नसतात. मी तिथे शिकवते. दिवसा सुतारकाम, प्लंबिंग शिकणारे अप्रेंटिस येतात. संध्याकाळी केअर होममधली ड्युटी संपवून आलेल्या बायका.

एंट्रीच्या तीन पायऱ्या, मग लेव्हल 1 आणि लेव्हल 2. लेव्हल 2 म्हणजे साधारण जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेच्या, ग्रेड 4 च्या तोडीचं. 2019 मध्ये अभ्यासक्रम बदलला. तेव्हापासून गणिताचे पाव गुण कॅल्क्युलेटरशिवाय मिळवावे लागतात, आणि गाडी अडते ती तिथेच. 2400 मिमीच्या फळीतून 380 मिमीचे किती तुकडे निघतील, असं सुतारकामाच्या पोराला विचारा. करवतीत जाणारे दरवेळचे 3 मिमी धरून तो तोंडी 'सहा' सांगेल. तोच हिशोब भागाकाराचं चिन्ह घालून कागदावर दिला की त्याचा हात थांबतो. म्हणून आधी त्याला बोलू द्या, कसं काढलंस ते विचारा, आणि त्याचेच शब्द आकड्यांत मांडा. पद्धत मात्र लादू नका. पोलंडहून आलेला माणूस दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतो, पन्नाशीची इंग्रज बाई वजाबाकीत वर दहा वाढवून खाली एक मिळवते. दशांश चिन्ह तेवढं इथल्यासारखं लिहायला सांगा. बाकी रीत बरोबर असेल तर गुण मिळतात.

आपण पाढे घोकून मोठे झालो, त्यामुळे तेच करून घ्यायचा मोह होतो. प्रौढांच्या वर्गात कुणालाही उभं करून पाढा म्हणायला लावू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. शाळेत त्यांचा अपमान नेमका असाच झालेला असतो. सात आठे अडत असेल तर पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, अशी बेरीज करायला शिकवा.

'इंग्रजांना मी इंग्रजी काय शिकवणार?' हे नवे लोक मला हमखास विचारतात. शिकवू शकता, आणि चांगलं शिकवू शकता. इथे जन्मलेल्यांना बोलणं येतं. अडतं ते वाक्य कुठे संपवायचं आणि स्पेलिंग काय, इथे. लेखनाच्या पेपरात शब्दकोश किंवा स्पेलचेक वापरता येत नाही. आपण नियम समजून ही भाषा शिकलो, त्यामुळे पूर्णविराम इथेच का, हे आपल्याला सांगता येतं. सरावाला केअर होममधली रोजची नोंद घ्या: कुणी, कधी, काय पाहिलं.

फेब्रुवारी 2025 पासून 19 वर्षांवरच्या अप्रेंटिसना फंक्शनल स्किल्सची परीक्षा सक्तीची नाही; ती घ्यायची की नाही ते मालक ठरवतो. सक्ती गेल्याने काहींची अडलेली अप्रेंटिसशिप सुटली, हे खरं. पण जे सर्वांत घाबरलेले आहेत ते आता वर्गाकडे फिरकणारच नाहीत, याची मला काळजी वाटते. ग्रेड 4 नसलेल्या 19 वर्षांवरच्या रहिवाशांना लेव्हल 2 पर्यंतचं गणित-इंग्रजी निधीच्या अटींत बसल्यास फुकट शिकता येतं. भेटेल त्याला हे सांगा.

या कामात शिरकावासाठी भारतातल्या पदवीचं समकक्षतेचं पत्र यूके एनिककडून, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या इथल्या संस्थेकडून, घ्या. लेव्हल 3 चा शिक्षक-प्रशिक्षणाचा छोटा कोर्स करा; लेव्हल 5 चा डिप्लोमा नोकरी करता करता होतो. सुरुवातीला बहुधा तासांवर काम मिळतं. त्याआधी एखाद्या वर्गात मदतनीस म्हणून बसायला मिळालं तर सोडू नका.

मुलाखतीत छोटा धडा घ्यायला सांगतात. मी गुणोत्तर सुचवेन: सिमेंट-वाळू 1 ला 4, एकूण 10 बादल्या कोरडा माल, तर सिमेंट किती? कुणीतरी 10 ला 4 ने भागून अडीच म्हणेलच. लगेच खोडू नका. एक बादली सिमेंटची, चार वाळूच्या, अशा फळ्यावर काढा आणि एकूण भाग त्यालाच मोजायला सांगा.