सेल्बूचे हातमोजे: काळा धागा डाव्या हातात

चाळीस वर्षं स्वेटर विणलेत, त्यामुळे हातमोजा म्हणजे दोन संध्याकाळींचं काम असं मी धरून चालले होते. लेकीकडे नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमला विणलेला माझा पहिला मोजा नातवाला बसला, आणि तो आठ वर्षांचा आहे. माप बरोबर होतं. दोन रंगांत विणताना वापरात नसलेला धागा मागून जातो, ते मागचे धागे मी आवळले होते.

सेल्बू हे ट्रॉन्डहाइमजवळचं गाव. तिथल्या मारित एमस्ताद या मुलीने १८५७ साली, सोळाव्या वर्षी, आठ पाकळ्यांचं फूल घालून दोन रंगांत मोजे विणले आणि ते घालून चर्चला गेली. त्याआधी तिकडे मोजे एकरंगी असत. पुढे लग्नात पाहुण्यांना मोजे देण्याची रीतही पडली. आपल्या आहेराच्या ब्लाउजपिसापेक्षा बरी, वापरात तरी येतात.

लोकर खरी मेंढीचीच घ्या, बारीक, ५० ग्रॅमला १७५ मीटरच्या आसपास भरणारी. काळा एक गुंडा, पांढरा एक. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. ते गुळगुळीत, त्यात रंगांचे टाके एकमेकांना धरून राहत नाहीत. सुया २.५ मिमीच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या, पाच. आधी नमुना विणून पाहा, तोही गोलच: १० सेंमीत ३० टाके यायला हवेत.

खालचं माप २० सेंमी घेराच्या पंजाचं आहे. घेर अंगठा सोडून, बोटांच्या मुळांशी मोजायचा.

५२ टाके घालून मनगटाची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी ७ सेंमी विणा. पुढच्या फेऱ्यात सारख्या अंतरावर ८ टाके वाढवून ६० करा. त्यांची वाटणी अशी: ३ बाजूची पट्टी, २७ वरचं फूल, ३ पट्टी, २७ तळवा. फुलाचा आलेख चौकटीच्या वहीत काढा, एक चौकोन एक टाका. गोल विणायचं असल्यामुळे प्रत्येक फेरा उजवीकडून डावीकडे वाचायचा, उलट टाका कुठेच नाही. तळव्यावर एकाआड एक ठिपके पुरतात.

आता धाग्यांचं. आपण सगळ्याजणी धागा उजव्या हाताने टाकतो. इथे पांढरा उजव्या हातात ठेवा आणि नक्षीचा काळा डाव्या हाताच्या बोटावर. डावीकडचा धागा मागून नेहमी खालून जातो, त्यामुळे त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि फूल उठून दिसतं. मध्येच हात बदलले तर अर्धं फूल फिकं पडतं. लांबून कळत नाही, जवळून डोळ्यात सलतं. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवून घ्या, मगच नवा रंग ओढा. पाचाहून जास्त टाके एकच रंग चालला असेल तर दुसरा धागा मध्ये एकदा अडकवा. दर चार-सहा फेऱ्यांनी मोजा उलटा करून बघायचा: मागचे धागे सपाट पडलेले हवेत, तारेसारखे ताणलेले नकोत. बोट अडकेल इतके लोंबतही नकोत, नाहीतर घालताना अंगठी गुंतते.

अंगठ्याच्या बेचक्यापाशी आलात की तळव्याच्या कडेचे ११ टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने विणा, ते डाव्या सुईवर परत घ्या आणि नक्षीत पुन्हा विणा. उजव्या मोज्यात ही जागा तळव्याच्या एका कडेला, डाव्यात दुसऱ्या. हे आधीच कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडे दोन डावे मोजे आहेत.

करंगळी झाकली गेली की उतार सुरू. वरच्या आणि तळव्याच्या दोन्ही कडांना पट्टीलगत एकेक टाका कमी करायचा, म्हणजे फेऱ्याला ४. असे १२ फेरे झाले की १२ टाके उरतात. धागा तोडून त्यांतून ओवा आणि खेचा.

अंगठ्याचा दोरा काढताना घाई नको. खालचे ११, वरचे ११ आणि कोपऱ्यातून एकेक उचलून २४ टाके होतात. कोपऱ्यातले उचलले नाहीत तर तिथे भोक राहतं आणि वारा नेमका तिथूनच शिरतो. नख अर्धं झाकेपर्यंत गोल विणून, टाके भराभर कमी करून बंद करा.

शेवटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये दाबा, पिळू नका. हाताने आकार देऊन आडवे वाळत घाला. विणताना वाकडे दिसलेले बरेच टाके यात आपोआप सरळ होतात. आवळलेले मागचे धागे मात्र होत नाहीत, ते उसवावेच लागतात.